धरणातली रिकामी जागा

आज विषय धरणाचा आहे. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसानं धरणावर काय बोलावं, असं तुम्हाला वाटेल. पण आपल्या अमरावती-अकोल्याकडे दर पावसाळ्यात एक वाद ऐकू येतो, आणि तो मुळात तर्काचा वाद आहे. मोर्शीजवळ सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरण भरतं, दारं उघडतात, खाली वर्धा नदी फुगते, काठची वावरं पाण्यात जातात. मग लोक विचारतात, "धरण पूर अडवायला होतं ना? मग धरणानंच पूर कसा आणला?"

आधी मातीचं धरण म्हणजे काय ते बघू. अप्पर वर्धा, ज्याला नळ-दमयंती सागर म्हणतात, हे मुख्यतः मातीचं धरण आहे. लांबी सुमारे 5.9 किलोमीटर, उंची सुमारे 46 मीटर. मातीच्या धरणाची सर्वसाधारण रचना अशी असते : पोटात चिकणमातीचा गाभा, कारण ती पाणी सहजी जाऊ देत नाही. दोन्ही अंगांनी मुरमासारख्या भरड मातीचं कवच. पाण्याच्या बाजूनं दगडांचं अस्तर, लाटांनी उतार धुपू नये म्हणून. असं धरण थोडं पाझरतंच. पाझर कुठून बाहेर पडावा हे आधीच ठरवून आत वाळूची गाळणी ठेवलेली असते. ठरवलेल्या वाटेनं येणाऱ्या पाझराची चिंता नसते. चिंता असते माथ्यावरून जाणाऱ्या पाण्याची. माथ्यावरून पाणी वाहू लागलं की ते माती कापत जातं, आणि मग काही तासांचा खेळ उरतो. गुजरातेत मोरबीच्या वरचं मच्छू-2 धरण 11 ऑगस्ट 1979 ला असंच गेलं. पाणी मातीच्या भागावरून गेलं आणि गाव झोपलं. महाराष्ट्रात मातीचं धरण म्हटलं की पानशेत आठवतं, 12 जुलै 1961. तिथली कारणं वेगळी होती, पण मातीच्या भिंतीला एकदा वाट फुटली की ती थांबवता येत नाही, हे तिथंही दिसलं.

म्हणून अशा धरणाला दगडी किंवा काँक्रीटचा सांडवा लागतो. अप्पर वर्ध्याच्या सांडव्याला 13 दारं आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला पोचलं आणि वरून येतच राहिलं, की दार उघडणाऱ्याच्या हातात फारसं काही उरत नाही. येईल तेवढं खाली सोडायचं, नाहीतर भिंत धोक्यात. त्याला निवड करायची संधी होती ती त्याच्या आधी, आठ-पंधरा दिवस आधी.

इथं मला माझ्या विषयात थोडं शिरू द्या. वैशेषिकांनी पदार्थ मोजले तेव्हा आधी सहा मोजले. द्रव्य, गुण, कर्म वगैरे. पुढच्या आचार्यांनी सातवा जोडला : अभाव. जमिनीवर घट नाही, हे 'नसणं'सुद्धा ज्ञानाचा विषय होतं, त्याची दखल घ्यावी लागते. वर्गात हे शिकवताना मुलं हसायची; नसलेल्या वस्तूला पदार्थ काय म्हणायचं! धरणाच्या बाबतीत मात्र ते हसण्यावारी नेता येत नाही. धरण पूर अडवतं ते भिंतीच्या जोरावर असं आपण समजतो. पुराचं पाणी मावतं ते भिंतीमागच्या रिकाम्या जागेत. तुडुंब भरलेलं धरण कितीही मजबूत असो, मोठा पूर आला तर ते त्याला जरासा थोपवेल, थोडा पसरवेल, एवढंच.

आता हिशोब करू, सोपा आहे. नदीतून सेकंदाला 1000 घनमीटर पाणी येत असेल, तर 86,400 सेकंदांच्या दिवसात 86.4 दशलक्ष घनमीटर होतं. अकोल्याला पाणी पाजणारं महानचं काटेपूर्णा धरण. त्याचा उपयुक्त साठा 86.35 दशलक्ष घनमीटर. म्हणजे एवढा पूर एक दिवस टिकला तर ते अख्खं धरण शून्यापासून भरेल. अप्पर वर्ध्याचा उपयुक्त साठा 564 दशलक्ष घनमीटर, कितीतरी मोठा. पण समजा ते 90 टक्के भरलेलं आहे आणि सेकंदाला 3000 घनमीटर येतंय. उरलेली 10 टक्के जागा सव्वापाच तासांत संपते. पेपरात 'धरण 90 टक्के भरले' ही बातमी आपण आनंदानं वाचतो. तीच बातमी नदीकाठच्या माणसानं 'पाच तास उरले' अशी वाचायला हवी. हा आकडा उदाहरणासाठी धरलाय, पण गणित असंच चालतं.

मग रिकामंच ठेवा ना धरण! जगात असं केलेलं आहे. अमेरिकेत ओहायो राज्यात डेटन शहर 1913 मध्ये बुडालं. त्यानंतर तिथं पाच मातीची धरणं बांधली, 1922 पर्यंत पूर्ण झाली. त्यांना दारंच नाहीत. तळाशी कायमची उघडी मोरी. एरवी नदी वाहत राहते, मागच्या जमिनीत शेती होते, पूर आला की मोरीतून मावेल तेवढंच खाली जातं, बाकीचं तात्पुरतं तुंबतं.

वऱ्हाडात हे कोण मान्य करील? अमरावती शहर अप्पर वर्ध्याचं पाणी पितं. पूर्णेच्या काठचा खारपाणपट्टा घ्या, तिथं विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. सिंचनाच्या अनुशेषावर आपण पिढ्यान्‌पिढ्या बोलतोय. अशा मुलखात रिकामं धरण म्हणजे लोकांना गुन्हाच वाटेल, आणि मी त्यांना दोष देणार नाही. अडचण एवढीच की एकाच जलाशयाकडून आपण दोन विरुद्ध गोष्टी मागतो. उन्हाळ्यासाठी तो भरलेला हवा, पुरासाठी मोकळा हवा.

त्यावर तोडगा कागदावर आहे : कोणत्या तारखेला किती पातळीपर्यंत पाणी साठू द्यायचं याचं वेळापत्रक. पावसाळ्याच्या सुरुवातीला जागा मोकळी, शेवटी शेवटी पूर्ण भरणा. पण ते पाळणाऱ्या अधिकाऱ्याची अवस्था बघा. ऑगस्टमध्ये पाणी सोडलं आणि पुढं पाऊसच आला नाही, तर एप्रिलमध्ये सगळं शहर त्याच्या नावानं बोटं मोडणार. साठवून ठेवलं आणि ढग फुटला, तर काठची चार गावं ओरडणार. शहराचा आवाज मोठा असतो. त्यामुळे भरून ठेवण्याकडे कल जातो, कुणी वाईट हेतूनं नव्हे.

याचं मोठं उदाहरण आपल्याच पाण्याचं आहे. काटेपूर्णा पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला, आणि तापीवर गुजरातेत उकाई धरण आहे. ऑगस्ट 2006 मध्ये उकाई आधीच बरंच भरलेलं असताना तापीच्या खोऱ्यात जोराचा पाऊस झाला, प्रचंड पाणी सोडावं लागलं आणि सुरत शहराचा मोठा भाग बुडाला.

आता मूळ वादाकडे येऊ. "धरणानं पूर आणला" हे वाक्य खरं की खोटं? ते तुम्ही तुलना कशाशी करता यावर आहे. धरणच नसतं तर काय झालं असतं याच्याशी केली, तर बहुतेक वेळा पूर आला असताच, कदाचित जास्त. वेळापत्रक पाळलं असतं तर काय झालं असतं याच्याशी केली, तर उत्तर वेगळं येऊ शकतं. सरकारी बाजू नेहमी पहिली तुलना करते, लोक दुसरी करतात, आणि दोघं एकमेकांना खोटं ठरवतात. माझ्या मते जबाबदारी ठरवायला दुसरीच तुलना योग्य, कारण माणसाच्या हातात जे होतं ते तिच्यातच दिसतं.

आणखी एक. धरण राखतं ते फक्त खालच्या गावांना, आणि फक्त आपल्या नदीपासून. 30 जुलै 1991 ला वर्धा नदीनं मोवाड उद्ध्वस्त केलं, दोनशेहून जास्त माणसं गेली. मोवाड सिंभोऱ्याच्या वर आहे. तिथं या धरणाचा काय उपयोग? अकोल्याची गंमत तर वेगळीच. शहर पाणी पितं काटेपूर्णेचं आणि पुरात सापडतं मोर्णेच्या.

तेव्हा आपल्या गावच्या सभेत धरणाचा विषय निघेल तेव्हा किती टक्के भरलं एवढंच विचारू नका. आज तारखेला किती भरायला परवानगी होती, किती जागा राखायची होती, आणि दार उघडण्याआधी किती तास निरोप मिळणार आहे, हे विचारा. खारपाणपट्ट्याबद्दल आज ओझरतं बोललो. त्यावर पुढच्या वेळी सविस्तर.