व्याधीचें खरें गोत्र

‘सार्कोमा’ हा शब्द ग्रीक ‘सार्क्स’ म्हणजे मांस यापासून निघाला आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांतही ‘मांसार्बुद’ हें नांव आढळतें. तथापि नामसाम्यावरून दोन्ही रोग एक मानणें युक्त नव्हे. आज आम्हांस ज्या रोगाविषयीं लिहावयाचें आहे, त्याचें नांव निश्चित करण्यांतच खरी अडचण आहे.

गर्भाशयाच्या अस्तरांतील ग्रंथींना आधार देणाऱ्या पेशींपासून एक मंदगति सार्कोमा उत्पन्न होतो. मात्र क्वचित् तो गर्भाशय सोडून बीजकोश, आंतडें किंवा उदरावरण येथें उद्भवतो. गर्भाशयाबाहेर तें अस्तर आलें कोठून, अशी शंका वाचकांस येईल. ‘एंडोमेट्रिऑसिस’ या विकारांत तसल्याच अस्तराचीं बेटें बाहेर रुजतात, व पुष्कळ वेळां त्यांतूनच हें अर्बुद वाढतें.

आंतड्याच्या भिंतींत गांठ दिसली, कीं ती आंतड्याचीच, असें अनुमान सहज होतें. तेथें ‘जिस्ट’ नांवाचें दुसरें अर्बुद होत असतें, व सूक्ष्मदर्शकाखालीं दोहोंचा घोटाळा होऊं शकतो. सोनोग्राफी वा एम.आर.आय. गांठीचें स्थान व आकार सांगतात. गोत्र सांगत नाहींत. त्यासाठीं काढलेल्या तुकड्यावर विशेष रंग चढवून परीक्षा करितात. ‘सीडी-१०’ आणि स्त्रीसंप्रेरकांचे ग्राहक आढळले, तर रोख गर्भाशयाच्या अस्तराकडे जातो. ‘सीडी-११७’ व ‘डॉग-१’ आढळले, तर जिस्टकडे. ७ व १७ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे जुळून होणारा एक विशिष्ट जनुकसंयोग २००१ सालीं प्रसिद्ध झाला. तो सांपडल्यास निदानास बळकटी येते. न सांपडल्यास मात्र शंका फिटत नाहीं.

हा काथ्याकूट केवळ शब्दांसाठीं नव्हे. जिस्टवर इमॅटिनिब हें औषध देतात. या मंदगति सार्कोमावर संप्रेरकांस रोधणारे उपचार उपयोगी पडतात, आणि इस्ट्रोजेनच्या गोळ्या अपायकारक ठरूं शकतात. नांव चुकलें, कीं उपचार चुकला.

आणखी एक प्रश्न उरतो. गांठ बाहेरच उपजली, कीं पूर्वीं गर्भाशयांत होती ती फिरून आली? हा रोग १०-२० वर्षांनींही उलटतो. गर्भाशय साध्या गांठींसाठीं काढल्याचें सांगितलें असलें, तरी त्या वेळचे मेणांतील ठोकळे व कांचपट्ट्या पुन्हां तपासाव्या लागतात. आमच्या घरांतील भगिनी लज्जेनें जुनी शस्त्रक्रिया सांगत नाहींत, आणि पुरुषमंडळी तिचे कागद रद्दींत टाकतात. या दोन्ही संवयी सोडाव्या. ते कागद दागिन्यांच्या डब्याशेजारीं ठेवावे. प्रसंगीं त्यांचेंच मोल अधिक ठरतें.