दहावा माणूस तेरा वर्षांचा

साताऱ्या-सांगलीहून पुण्याला शिकायला गेलेल्या पोरांना कॅम्पातलं लाल देऊळ बघून हमखास कोडं पडतं. नाव देऊळ आणि दिसतं चर्चसारखं! आहे मात्र ते ज्यूंचं प्रार्थनास्थळ, म्हणजे सिनेगॉग. बगदादहून आलेल्या डेव्हिड ससून या व्यापाऱ्यानं ते बांधलं. मराठी ज्यूंचं, म्हणजे बेने इस्रायलींचं सिनेगॉग वेगळं आहे. रास्ता पेठेतलं सुक्काथ शेलोमो, १९२१ सालचं. आपल्यात जसे कऱ्हाडकर, मिरजकर, तसे त्यांच्यात पेणकर, दिवेकर, किहीमकर. घरात बोलायची भाषा मराठीच.

या समाजातल्या मुलाचा तेरावा वाढदिवस आपल्यासारखा केकवर भागत नाही. त्या दिवसापासून तो धर्माच्या हिशेबात मोठा माणूस होतो. याला बार मित्झ्वा म्हणतात. सामूहिक प्रार्थनेला परंपरेनं किमान दहा पुरुष लागतात. नऊ जण असतील तर काही प्रार्थना होत नाहीत आणि तोराची गुंडाळी काढून वाचताही येत नाही. अशा वेळी आठवीतला एखादा पोरगा दहावा म्हणून उभा राहिला की काम होतं. क्रिकेटच्या टीममध्ये अकरावा म्हणून आपल्याला कुणी कुणी ओढून नेलेलं असतंच, पण इथं त्या पोरावर सगळ्या सिनेगॉगची सकाळ अवलंबून असते. (मुलगी बाराव्या वर्षीच मोठी ठरते, पण जुन्या पद्धतीत दहात मोजली जात नाही. हे आजच्या मुलींना पटत असेल असं मला तरी वाटत नाही.)

शिक्षण सोपं नाही. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात, अक्षरं बावीस. पुस्तकात त्यांच्याखाली-वर स्वरांच्या खुणा असतात, त्यामुळे निभावतं. पण चामड्यावर हातानं लिहिलेल्या तोरात त्या खुणा नसतात. ‘कमल’, ‘कमाल’ आणि ‘कोमल’ तिन्ही ‘कमल’ असेच लिहिले तर कसं होईल, तसंच. शिवाय वाचायचं ते ठरलेल्या चालीत, आणि चालीच्या खुणाही गुंडाळीत नाहीत. म्हणजे स्वर पाठ, चाल पाठ आणि समोर नुसती व्यंजनं. चामड्याला बोट लावायचं नाही, म्हणून चांदीच्या छोट्या काठीनं ओळ धरायची. बार मित्झ्वाला आपला भाग वाचणारा मुलगा त्याआधी कित्येक महिने घोकत असतो, तेही शाळा आणि ट्यूशन सांभाळून.

गंमत म्हणजे या समाजानं शतकानुशतकं पुस्तकाशिवाय धर्म टिकवला. कोकणात तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. हिब्रूतली ‘शेमा’ ही एक प्रार्थना तेवढी तोंडपाठ होती आणि प्रत्येक कार्यात तीच म्हणायची. मुंबईत त्यांचं पहिलं सिनेगॉग उभं राहिलं १७९६ मध्ये. नीट शिकवणं सुरू झालं ते त्यानंतर, आणि ते मराठीतून. १८७४ मध्ये पुण्यात छापलेल्या वल्हांडण सणाच्या पोथीत हिब्रूसोबत मराठी अर्थ आहे, आणि चित्रात बिनखमिराच्या भाकरी करणाऱ्या बायका चक्क साडीत आहेत. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी प्रार्थनांची पुस्तकं मराठीत आणली. १८८० च्या सुमारास तरुणांनी हरिदासी कीर्तनाचा ढंग उचलला आणि अब्राहाम, योसेफ यांची आख्यानं मराठीत रंगवायला सुरुवात केली. ज्यांना हिब्रू येत नव्हतं त्या बायकापोरांना गोष्टी कळल्या त्या यातून.

१८७५ साली हाईम सॅम्युएल किहीमकरांनी मुंबईत समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली. पुढे तिचं नाव सर एली कदूरी झालं. १९२२ ते १९५० एवढा काळ तिच्या मुख्याध्यापिका होत्या रिबेका रूबेन. बेळगावात जन्म, पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षण आणि १९०५ च्या मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिल्या! आपल्याच भागातली ही बाई आपल्याला कुठल्याच धड्यात भेटत नाही, याचं वाईट वाटतं.

माझगावच्या त्या शाळेतली बहुतेक मुलं नंतर इतर धर्मांची झाली. स्वातंत्र्याच्या वेळी वीसेक हजार असलेले बेने इस्रायली १९४८ नंतर मोठ्या संख्येनं इस्रायलला गेले. आज देशभरातले सगळे ज्यू मिळून पाच हजारांच्या आसपास आहेत, त्यातले बरेच मुंबई-ठाण्यात. महाराष्ट्र सरकारनं २०१६ मध्ये त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला, पण त्यामुळे वर्गात पोरं वाढत नाहीत. एखादं कुटुंब बदली होऊन आपल्यासारख्या जिल्ह्याच्या गावी आलं, तर पोरानं शिकायचं कुणाकडे? आजोबांकडे, नाहीतर मोबाइलवर. आणि आईसोबत स्वयंपाकघरात. पोहे, ओलं खोबरं, गूळ कालवून मलिदा करताना एलियाहू हानाबीचं गाणं कानावर पडतं, ते आयुष्यभर विसरत नाही.

वल्हांडणाच्या रात्री तर शिकवणीच असते. ताटं मांडली की घरातलं सगळ्यांत धाकटं लेकरू विचारतं, आजची रात्र इतर रात्रींपेक्षा वेगळी का? मग मोठ्यांनी मिसरच्या गुलामगिरीतून सुटल्याची सगळी गोष्ट सांगायची. विचारायला घरात मूल नसेल तर मोठ्या माणसानं विचारायचं. आणि माणूस एकटाच असेल, तर त्यानं हा प्रश्न स्वतःलाच मोठ्यानं विचारायचा, असा नियम आहे.