घाटउतारावरचा सुपरचार्जर

पुण्याहून हरिहरेश्वरला जाणारा नेहमीचा रस्ता पौड, मुळशी, ताम्हिणी, निजामपूर, माणगाव, म्हसळा असा आहे. सुमारे 560 मीटर उंचीवरून निघालेली गाडी काळभैरवाच्या देवळाशी समुद्राच्या पातळीवर येऊन थांबते. एवढ्या वाटेत ताकदवान गाडीच्या चालकाला इंजिनाची पूर्ण ताकद किती वेळ लागते? एखादा ट्रक ओलांडताना, एखाद्या खड्या चढावर, एवढेच. एरवी ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका असतो आणि घाट उतरताना तर तो उचललेलाच असतो. गाडीला सुपरचार्जर असेल तर हा सगळा वेळ तो काय करत असतो, हे बायपास व्हॉल्व्ह नावाच्या एका लहानशा झडपेवर ठरते. हौशी मालक या झडपेकडे जादा ताकदीच्या आशेने पाहतात. माझे म्हणणे असे, की ताकद नको असते त्या वेळी ती कशी वागते, यावरूनच तिचे सेटिंग तपासले पाहिजे. झडप नीट उघडत असेल, तरच तिच्या नीट मिटण्याला अर्थ आहे.

इंजिनात जितकी हवा जाईल त्या प्रमाणातच पेट्रोल जाळता येते. साधे इंजिन आपल्या ओढीने येईल तेवढीच हवा घेते. सुपरचार्जर ती दाबून भरतो. मोटारींमध्ये सर्वाधिक रुळलेला सुपरचार्जर रूट्स पद्धतीचा. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात रूट्स बंधूंनी 1860 मध्ये त्याचे पेटंट घेतले, तेव्हा मोटारगाडी जन्मालाही आली नव्हती. हे यंत्र पुढे भट्ट्यांना हवा पुरवण्याच्या कामी आले. मर्सिडीजने 1921 मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात सुपरचार्जर लावलेल्या विक्रीच्या गाड्या मांडल्या. महाराष्ट्रात हे तंत्र परक्या देशातून आलेल्या शोभेच्या गाड्यांपुरते राहिले नाही. पुण्यात जुळणी होणाऱ्या मर्सिडीज सी-क्लासच्या पाठीवर ‘कॉम्प्रेसर’ हे नाव झळकत असे. आत 1796 सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन आणि त्याला पट्ट्याने फिरणारा ईटन कंपनीचा ब्लोअर, म्हणजेच सुपरचार्जर, होता. सी 200 मध्ये त्याची ताकद आधी 163 अश्वशक्ती होती. 2008 मध्ये आलेल्या नव्या सी-क्लासमध्ये ती 184 झाली. त्यानंतर कंपनी टर्बोकडे वळली. त्या गाड्या आता जुन्या झाल्या आहेत, आणि नेमक्या याच वयात त्यांची झडप दुखणी काढते.

टर्बो आणि सुपरचार्जर यांतला फरक लक्षात घेतल्याशिवाय झडपेचे महत्त्व कळत नाही. टर्बो धुराच्या जोरावर फिरतो. पाय उचलला की धूर कमी होतो आणि त्याचा जोरही ओसरतो. सुपरचार्जर मात्र पट्ट्याने क्रँकशाफ्टला बांधलेला असतो. इंजिन फिरते तोवर तोही फिरतो, बहुधा क्रँकशाफ्टच्या दुपटीच्या आसपास वेगाने, आणि दर फेऱ्याला ठरावीक हवा पुढे ढकलतो. ताम्हिणीच्या उतारावर खालचा गिअर टाकून उतरणारे इंजिन तीन-चार हजार फेऱ्यांवर असते. म्हणजे ब्लोअर सहा ते आठ हजारांवर हवा ढकलतो आहे आणि इंजिनाला ती नको आहे. अशा वेळी ब्लोअरच्या पुढची आणि मागची बाजू जोडणारी वाट उघडी हवी, म्हणजे ढकललेली हवा दाब न चढता पुन्हा मागे येते आणि ब्लोअरला फिरायला फार थोडी शक्ती लागते. ती वाट उघडणे आणि मिटणे हे बायपास झडपेचे काम.

बहुतेक गाड्यांमध्ये हे काम चालते ते इंजिनाच्या व्हॅक्यूमवर. झडपेच्या दांडीला एक गोल डबी जोडलेली असते. तिच्यात रबरी पडदा आणि स्प्रिंग. पाय हलका असताना इनटेक मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम पडद्याला ओढून झडप उघडी ठेवतो. पाय दाबला की व्हॅक्यूम ओसरतो, स्प्रिंग झडप मिटवते आणि दाब चढू लागतो. हे पाहता सेटिंगचे प्रश्न दोनच उरतात: किती व्हॅक्यूमला झडप हलू लागते, आणि स्प्रिंगने मिटवल्यावर ती पुरती बसते का. पहिल्याचे उत्तर हातपंपाने मिळते. गार इंजिनावर डबीची नळी काढून पंप लावायचा, हळूहळू ओढायचे, दांडी कुठल्या आकड्याला हलते आणि कुठे पूर्ण उघडते ते उत्पादकाच्या तक्त्याशी ताडायचे. मग पंप तसाच धरून ठेवायचा. काटा खाली येऊ लागला तर पडदा फाटलेला आहे, आणि फाटक्या पडद्यावर कुठलाही स्क्रू फिरवून उपयोग नाही. दुसऱ्या प्रश्नासाठी थांब्याचा स्क्रू असतो. झडपेची चकती नळीत बसते त्याच क्षणी दांडी स्क्रूला टेकावी. स्क्रू जास्त आत असेल तर चकती किंचित उघडी राहून दाब गळतो. फार बाहेर असेल तर चकती नळीच्या भिंतीत रुतते आणि पुढच्या वेळी अडकत उघडते. कारखान्यात या स्क्रूवर रंगाचा ठिपका देतात. ठिपका शाबूत असेल तर स्क्रूला हात न लावता आधी नळी, पडदा आणि चकतीची धुरी पाहावी. दोष फार वेळा तिथेच असतो.

यावर सर्वांत जोरदार आक्षेप घेतात ते गाडी जलद पळवणारे. ते म्हणतात, झडप कायमची बंद बांधून टाकली तर पाय दाबताच दाब तयार मिळतो. ती मिटण्याची वाट कशाला पाहायची? त्यांच्या म्हणण्यात तथ्याचा अंश आहे. प्रतिसादात क्षणभराचा फरक पडू शकतो. पण कमाल दाब त्याने वाढत नाही, कारण तो पुलीच्या आकारावर म्हणजे ब्लोअर किती फिरतो यावर ठरतो; निरोगी झडप पूर्ण पाय दाबल्यावर तशीही मिटलेलीच असते. उलट नुकसान मोठे होते. दाबलेली हवा तापते. 30 अंशांची हवा अर्ध्या बारने दाबताना रूट्स ब्लोअर तिला सुमारे 60 अंशांनी तापवू शकतो. झडप बांधलेली असेल तर घाटभर, जिथे दाबाची गरजच नाही तिथेही, ब्लोअर हवा तापवत आणि इंजिनाची शक्ती खात राहतो. मे महिन्यात म्हसळ्याच्या पुढे उष्ण, दमट हवेत ट्रक ओलांडायची वेळ येते तेव्हा ब्लोअरचे धडच तापलेले असते. गरम हवेने इंजिन ठोकू लागते, संगणक ठिणगी उशिरा टाकतो आणि ताकद घटते. ज्या क्षणासाठी झडप बांधली, नेमका तोच क्षण हातचा जातो. याच्या उलट चूक म्हणजे दाब कमी करायला चकती मुद्दाम किंचित उघडी ठेवणे. दाब उतरतो खरा, पण तापलेलीच हवा पुन्हा पुन्हा ब्लोअरमधून फिरते. दाब कमी हवा असेल तर पुली बदलणे हाच रास्त मार्ग.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. मर्सिडीजच्या त्या इंजिनात झडप व्हॅक्यूमवर नसून संगणकाच्या हुकमाने विजेच्या मोटरवर चालते. मग माणसाने सेटिंगची चिंता का करावी? संगणक चकतीची जागा शिकून घेतो आणि त्याचे सेटिंग स्क्रूने नव्हे, तपासणी यंत्रानेच होते, हे खरेच. म्हणून तिथे पाना घेऊन पुढे सरसावू नये. पण संगणक हुकूम देतो. गंजलेली धुरी किंवा तेलकट काजळीने चिकटलेली चकती तो हुकूम पाळू शकत नाही. उंचीचा मुद्दाही काही जण काढतात: पुण्यात लावलेली झडप किनाऱ्यावर बिघडेल का? समुद्रपातळीवर हवेचा दाब पुण्यापेक्षा सुमारे सहा-सात टक्के जास्त. त्यामुळे व्हॅक्यूमच्या डबीवरचा ओढा थोडा वाढतो, पण उत्पादकाच्या सेटिंगमध्ये एवढ्या फरकाला जागा असते. ताम्हिणीच्या माथ्यावर नीट चालणारी झडप हरिहरेश्वरला बिघडली, तर दोष उंचीचा नसून झडपेचाच समजावा.

कायद्याची बाजूही इथेच पाहून घ्यावी. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलांविरुद्ध बदल करायला मनाई करते, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद केली. झडप मूळ मापावर आणणे ही दुरुस्ती आहे. लहान पुली चढवून ताकद वाढवणे हे तसे म्हणता येत नाही.

किनाऱ्यावर नेमाने जाणाऱ्या गाडीची खरी गरज तपासणीची आहे. खारी हवा दांडीचे सांधे आणि धुरी गंजवते, इंजिनाच्या उष्णतेने व्हॅक्यूमची रबरी नळी कडक होऊन तडकते, आणि तडकलेली नळी पाय हलका असतानाही झडप मिटलेली ठेवते. लक्षणे साधी आहेत: पाय उचलला तरी ब्लोअरची शीळ ओसरत नाही, मायलेज घसरते, गर्दीत हळू चालवताना गाडी धक्के देते. नळीचा तो तुकडा स्वस्त मिळतो. पावसाळ्याआधी तो बदलून, दांडीचे सांधे पुसून त्यांना थोडे वंगण द्यावे आणि हातपंपाने दोन्ही आकडे पुन्हा एकदा पाहून लिहून ठेवावेत, म्हणजे पुढच्या वर्षी ताडायला आधार राहतो.