प्रिंटरला कोणतं कार्ड लावायचं?

भोसरीत किंवा चाकणमध्ये कारखान्याच्या गेटवर गाडी सुटण्याआधी डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची खरखर ऐकू येते. डिलिव्हरी चलनाच्या तीन प्रती लागतात: माल घेणाऱ्याला, वाहतूकदाराला आणि पाठवणाऱ्याला. सुई आपटली की खालच्या कागदांवरही अक्षर उमटतं. लेझर प्रिंटरला हे जमत नाही. आत डिस्पॅचला पेट्यांवरची बारकोड लेबलं थर्मल प्रिंटरवर निघतात. यांतल्या बऱ्याच मॉडेलांना सिरियल, इथरनेट किंवा वाय-फायचं कार्ड वेगळं घेऊन बसवता येतं. घेताना पहिला प्रश्न असतो, ‘फास्ट कुठलं?’ चलनासाठी हा प्रश्नच चुकीचा आहे, असं माझं ठाम मत आहे.

सिरियल पोर्टचा नेहमीचा वेग सेकंदाला 9600 बिट. एका अक्षराला 10 बिट धरले, तर सेकंदाला 960 अक्षरं जातात. नऊ सुयांचा प्रिंटर छापतो साधारण तीनशे. लेबलाचं मात्र तसं नाही. 4 बाय 6 इंचाचं लेबल 203 डीपीआयवर चित्र म्हणून पाठवलं, तर सव्वा लाख बाइट होतात आणि त्याच वायरीवर दोन मिनिटांहून जास्त वेळ लागतो. बारकोडचा नुसता आकडा आणि छपाईची आज्ञा पाठवली, तर काम काही क्षणांत होतं.

खरं बघायचं ते अंतर आणि अर्थिंग. यूएसबीची केबल 5 मीटरपर्यंत, सिरियलची साधारण 15, इथरनेटची 100. सिरियलमध्ये सिग्नल मोजला जातो तो दोन्ही यंत्रांना जोडणाऱ्या ग्राउंडच्या तारेच्या तुलनेत. एका शेडमध्ये प्रेस आणि वेल्डिंग, दुसरीत संगणक असेल, तर दोन्हीकडच्या अर्थिंगमध्ये व्होल्टेजचा फरक पडतो आणि त्याच तारेतून प्रवाह वाहू लागतो. मग अक्षरं बिघडतात, कधी पोर्टच जळतो. इथरनेटमध्ये पिळलेल्या दोन तारांमधला फरक वाचला जातो, शिवाय पोर्टमध्ये चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात. सिग्नल चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातो, साध्या केबलने दोन्ही शेडची अर्थिंग एकमेकांना जोडली जात नाही. दोन शेडमध्ये मी दुसरं काही सुचवणार नाही. वाय-फाय फिरत्या ट्रॉलीवरच्या प्रिंटरला ठीक, पण पत्रे आणि स्टीलचे रॅक लहरी परतवतात.

राहिला पॅरलल पोर्ट. 1970 मध्ये अमेरिकेतल्या सेंट्रॉनिक्स कंपनीने तो आणला. 36 पिनांचा कनेक्टर निवडण्याचं कारण साधं होतं: सेंट्रॉनिक्सशी निगडित वांग लॅबोरेटरीजकडे दुसऱ्या कामातून उरलेले सुमारे 20,000 नग पडून होते. गेटवरचं चलन अजून डॉसच्या जुन्या प्रोग्रॅममधून थेट एलपीटी-1 वर जात असेल, तर तोच पोर्ट घ्यावा.