सांधा भरताना महिना बघा
(घराच्या भिंती : लेखांक ७)

गेल्या आठवड्यात जिप्सम बोर्ड उभे केले, आज त्यांच्यामधले सांधे. चंद्रपुरात दुकानं, दवाखाने, वरच्या मजल्यावरच्या खोल्या अशा पार्टिशनांनी भरल्या आहेत, आणि पुष्कळ ठिकाणी एकदोन उन्हाळ्यांत रंगावर वरपासून खालपर्यंत एक सरळ चीर उमटते. बोर्ड शाबूत असतो. सुटलेला असतो तो सांधा. मिस्त्रीला बोल लावण्याआधी सांध्यात काय भरलं होतं ते विचारा, आणि कोणत्या महिन्यात, तेही.

सांधे भरायचा माल दोन जातींचा. एक वाळतो, दुसरा सेट होतो. बादलीत तयार मिळणारं कंपाउंड वाळणारं. पाणी उडून जाईल तसं ते कडक होतं आणि आकसतं. सेटिंग पावडर भाजलेल्या जिप्समची. साधारण १५० अंशांना जिप्सममधलं बरंचसं पाणी निघून जातं. आपण पुन्हा पाणी घातलं की ते पोटात घेऊन पावडर घट्ट होते. ती हवेच्या भरवशावर बसत नाही, आकसतेही थोडी. पोत्यातली प्रत्येक पावडर सेटिंगचीच असेल असं मात्र धरू नका, पोतं वाचा.

गडचिरोलीच्या माणसाला वाळणारी जात नवी नाही. बांबूच्या कमच्यांचा कुड विणून त्यावर शेणमाती लिंपतात, मातीत तणस नाहीतर भाताचं तूस कालवतात. पहिला हात वाळताना भेगाळतो. तो भेगाळू द्यायचा, मग पातळ कालवलेली माती तळहातानं त्या भेगांत दाबत दुसरा हात फिरवायचा. बादलीतलं कंपाउंडही एकदम जाड न भरता तीन हातांत लावायचं ते याच कारणानं. तणसाची काडी मातीत जे करते तेच सांध्यावर कागदी टेप करते : ओढ अंगावर घेते. टेप गाळून नुसता सांधा भरणं म्हणजे तणसाशिवाय लिंपणं. आणि लिंपण पावसाळा सरल्यावर काढणाऱ्या बाईला महिन्याचं महत्त्व कुणी शिकवावं लागत नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये काम असेल तर टेपखालचा पहिला हात सेटिंग पावडरचाच घ्या. जाळीची टेप वापरणार असाल तर कोणत्याही महिन्यात तिच्यावर हीच पावडर. एरवी एका दिवसात वाळणारा हात आपल्याकडच्या झडीत दोन-तीन दिवस ओला राहतो, आणि वरून कोरडा दिसतो म्हणून त्यावर दुसरा चढवला की आतला ओलावा अडकून पडतो. मेमध्ये उलटी गत. पारा ४६-४७ वर, कूलर सुरू. वरची साय तासाभरात वाळते, आत गाळ तसाच, आणि कडांना बारीक भेगा. तेव्हा पंखा-कूलर बंद ठेवा, सकाळी काम करा, हात पातळ ठेवा. सेटिंग पावडरचा अगदी पातळ थर या हवेत सेट होण्याआधीच सुकतो आणि बोटाला पिठासारखा लागतो. म्हणून शेवटचा हात वाळणाऱ्या कंपाउंडचाच. तो घासायलाही मऊ.

घमेल्याकडे नीट बघा. मागच्या घाण्याचे पांढरे कण काठाला चिकटलेले असतील तर नवा घाणा त्यांच्याभोवतीच धरायला लागतो आणि अर्ध्या वेळात हातात घट्ट होतो. मिस्त्री वरून पाणी मारून तो मऊ करू बघतो. तो माल मेलेला असतो, फेकाच. प्रत्येक घाण्याला घमेलं आणि पत्ती धुवा. गच्चीवरच्या टाकीचं तापलेलं पाणी नको, सावलीतलं घ्या. पाण्यात पावडर भुरभुरवा, पावडरीवर पाणी ओतू नका.

व्हाइट सिमेंटची पुट्टी सिमेंटच्या छपाईसाठी असते. कागदी तोंडाच्या बोर्डाच्या सांध्यात ती भरू नये, कितीही स्वस्त पडली तरी. नुसतं पीओपीही नको; ते ठिसूळ, आणि पत्ती फिरवायला उसंतच देत नाही.

पुढचा हात चढवण्याआधी हाताची मागची बाजू सांध्याला लावा. शेजारच्या बोर्डापेक्षा गार लागला तर आत अजून पाणी आहे. त्या दिवशी दुसऱ्या खोलीचे स्क्रू भरून घ्या.