सायकल बदलली, वॅटचा आकडा का बदलतो?

मागे एक गृहस्थ दवाखान्यात आले. वय ५६, माध्यमिक शाळेत शिक्षक. वर्षभरापूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली होती. त्यानंतर शहरातील रुग्णालयात काही आठवडे देखरेखीखाली त्यांच्याकडून सायकलचा व्यायाम करून घेण्यात आला आणि घरी पाठवताना सांगण्यात आले, "७५ वॅटवर अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस." सरांनी हा आकडा वहीत लिहून घेतला आणि मंत्रासारखा पाळला.

गावी आल्यावर ते व्यायामशाळेतील स्थिर सायकलवर बसू लागले. पडद्यावर ७५ वॅट दिसत. पण दहा मिनिटांतच दम लागे, बोलणे तुटे. सुटीत मुलगा आला. तो हौशी सायकलपटू. त्याच्या सायकलच्या पेडलमध्येच वॅट मोजण्याचे यंत्र आहे. त्याने ती सायकल घरात स्टँडवर लावून दिली, तर ७५ वॅट अगदी सहज निघाले. दुसऱ्या दिवशी व्यायामशाळेत पुन्हा तीच दमछाक. सर घाबरले. तीन आठवडे त्यांनी सायकलला हात लावला नाही. "डॉक्टरसाहेब, रक्तवाहिनी पुन्हा बंद झाली की काय?" हा त्यांचा प्रश्न होता.

अशा वेळी आधी रोग्याची तपासणी, मग यंत्राची. रक्तदाब आणि ईसीजी पाहिला, त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांचाही सल्ला घेतला. काळजीचे काही आढळले नाही. मग मी त्यांच्या मुलाला सांगितले, "तुमची पेडल काढून व्यायामशाळेच्या सायकलला लावून बघा, आणि आधी तुम्ही स्वतः बसा." त्याने तसे केले. पडद्यावर ७५ असताना पेडल १०५ च्या आसपास दाखवत होती. म्हणजे सर रोज ७५ च्या नावाखाली १०५ वॅटचे काम करीत होते! हृदय ठीक होते, काटा चुकत होता.

सायकलवरचे वॅट आता लहान गावांतही पोहोचले आहेत. व्यायामशाळेतील सायकल, घरातील ट्रेनर, सायकलवरील मीटर, सगळीकडे हा आकडा दिसतो. म्हणून तो नीट समजून घेणे आवश्यक आहे.

वॅट म्हणजे काय?

किती जोर लावला आणि किती वेगाने पेडल फिरवले, या दोहोंचा गुणाकार म्हणजे वॅट. जेम्स वॅट या शास्त्रज्ञाच्या नावावरून हे एकक पडले. एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४६ वॅट. त्या मानाने माणूस अगदीच लहान इंजिन आहे.

शरीर खर्च करीत असलेल्या ऊर्जेपैकी साधारण पाचवा ते चौथा हिस्साच पेडलपर्यंत पोहोचतो. बाकीची उष्णता होते. म्हणूनच सायकल चालवताना घाम फुटतो. १०० वॅटने तासभर सायकल चालवली तर शरीर ३५० ते ४३० कॅलरी खर्च करते. वॅट हे कामाचे माप आहे. नाडी हे त्या कामाला शरीराने दिलेले उत्तर आहे. दोन्ही एकत्र पाहिली तर प्रकृतीचा अंदाज येतो. पण त्यासाठी कामाचे माप भरवशाचे हवे.

जर्मनीतील अभियंता उलरिख शोबेरर यांनी १९८६ च्या सुमारास सायकलच्या क्रँकमध्ये बसणारे असे मीटर तयार केले. जोर लावला की धातू अगदी सूक्ष्म प्रमाणात वाकतो. त्यावर चिकटवलेली पट्टी हा वाक विजेच्या संकेतात बदलते. आजही बहुतेक मीटर याच तत्त्वावर चालतात. चांगल्या मीटरचे उत्पादक एक ते दोन टक्के चूक मान्य करतात. म्हणजे खरे २०० वॅट असताना १९६ किंवा २०४ दिसले तर तक्रार करू नये. फरक त्याहून मोठा असेल तर पुढील कारणे तपासावीत.

आकडे का जुळत नाहीत?

पहिले कारण मोजण्याची जागा. मीटर पेडलमध्ये असतो, क्रँकमध्ये असतो, मागच्या चाकाच्या हबमध्ये असतो किंवा घरातील ट्रेनरमध्ये असतो. पायाचा जोर पेडलवरून चेनमार्गे मागच्या चाकाकडे जातो. वाटेत घर्षणात थोडा जोर खर्च होतो. स्वच्छ, तेल दिलेल्या चेनमध्ये हा तोटा दोन ते चार टक्के असतो, मळलेल्या चेनमध्ये जास्त. त्यामुळे पेडल १५० दाखवत असताना ट्रेनरने १४५ दाखवले, तर दोघेही खरे बोलत आहेत.

दुसरे कारण एका पायाचे मीटर. स्वस्त मीटर फक्त डाव्या पायाचे काम मोजून त्याची दुप्पट करतात. दोन्ही पाय सारखे असतील तर ठीक. पण एकूण १०० पैकी डावा ४८ आणि उजवा ५२ देत असेल, तर मीटर ९६ दाखवील. डावा गुडघा दुखत असल्याने तो पाय ४० च देत असेल, तर ८० दाखवील. गुडघेदुखीच्या रोग्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

तिसरे कारण क्रँकची लांबी. सायकलींना १६५, १७०, १७२.५, १७५ मिलिमीटर अशा वेगवेगळ्या लांबीचे क्रँक असतात. पेडलमधील मीटरला ही लांबी आपण सांगावी लागते. क्रँक १७० चा आणि मीटरमध्ये नोंद १७५ ची राहिली, तर आकडा सुमारे तीन टक्के फुगतो. पेडल एका सायकलवरून दुसरीला लावली आणि ही नोंद बदलायची राहिली, ही चूक पुष्कळ जण करतात.

चौथे कारण शून्य. वाण्याच्या तराजूला पासंग असतो, तसाच मीटरलाही असतो. पेडलवर पाय नसताना यंत्राने शून्य दाखवले पाहिजे. पण धातू उन्हात प्रसरण पावतो, थंडीत आकुंचन पावतो आणि शून्य सरकते. घरातल्या गारव्यातून सायकल एप्रिलच्या उन्हात नेली की हा फरक पडू शकतो.

पाचवे कारण मुळात न मोजणे. व्यायामशाळेतील कित्येक सायकली जोर मोजतच नाहीत. प्रतिकाराची पातळी कितीवर आहे आणि पेडल मिनिटाला किती वेळा फिरते, एवढ्यावरून आतील कोष्टक एक अंदाज देते. यंत्र जुने झाले की हा अंदाज आणखी ढळतो. एकाच व्यायामशाळेतील शेजारशेजारच्या दोन सायकलीही वेगळे बोलतात. सरांच्या बाबतीत हेच घडले होते.

आणि सहावे कारण, काही वेळा मीटर बरोबर असतो आणि आपणच बदललेले असतो. सीट दोन बोटे खाली असेल तर त्याच वॅटला मांड्या लवकर भरून येतात. बंद खोलीत पंख्याविना चालवली तर अंग तापते आणि वॅट तेवढेच राहूनही नाडी चढत जाते. रस्त्यावर वारा अंगाला लागतो, घरात लागत नाही.

उपाय काय?

सर्वांत सोपा उपाय म्हणजे काटा एकच ठेवणे. दोन-तीन सायकली असतील तर पेडलमधील मीटर सोयीचा, कारण तो एकीवरून दुसरीला पान्ह्याने हलवता येतो. मात्र डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे विसरू नये. जोर करून आटे मारले तर क्रँक बाद होतो. पेडल घट्ट बसवावी, क्रँकची लांबी नव्याने नोंदवावी, चार-पाच वेळा जोरात पेडल दाबून ती बसू द्यावीत आणि मग शून्य लावावे.

रोज निघण्यापूर्वी सायकल दहा-पंधरा मिनिटे बाहेरच्या हवेत उभी ठेवावी आणि पेडलवरून पाय काढून शून्य लावावे. या कामाला अर्धे मिनिट लागते.

दोन वेगळे मीटर असतील तर त्यांची गाठ घालून द्यावी. पेडलचे मीटर असलेली सायकल ट्रेनरवर चढवावी. पंधरा मिनिटे चालवून यंत्र आणि शरीर दोन्ही गरम होऊ द्यावे. मग दोन्हींचे शून्य लावून १००, १५० आणि २०० वॅटवर पाच-पाच मिनिटे चालवावे आणि प्रत्येक वेळची सरासरी लिहून घ्यावी. क्षणोक्षणी नाचणारा आकडा पाहू नये, सरासरीच पाहावी. तिन्ही ठिकाणी फरक सारख्याच प्रमाणात येत असेल तर चिंता नाही. तेवढा फरक धरून चालावे. फरक आज पाच आणि उद्या वीस येत असेल, तर मात्र दोहोंपैकी एक यंत्र बिघडले आहे. ही चाचणी निरोगी, सराव असलेल्या माणसाने करावी. हृदयरोग्याने हा उद्योग करू नये.

मीटर खरा की खोटा हे वजन टांगूनही कळते. १७० मिलिमीटरचा क्रँक आडवा धरून पेडलला बरोबर १० किलोचे वजन टांगले, तर पीळ १६.७ न्यूटन-मीटर यायला हवा. क्रँकमधील काही मीटर ही संख्या दाखवतात. वजन मात्र खात्रीचे घ्यावे.

वही ठेवावी

वहीत तारीख, कोणती सायकल, कोणता मीटर, सरासरी वॅट, नाडी आणि दम किती लागला, एवढे लिहावे. दम मोजण्याची साधी कसोटी म्हणजे बोलणे. पूर्ण वाक्य बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, हा मध्यम व्यायाम. दोन शब्दांतच थांबावे लागले, तर व्यायाम जड झाला. बीटा ब्लॉकर गटातील औषधे घेणाऱ्यांची नाडी औषधामुळे कमीच राहते, म्हणून त्यांनी केवळ नाडीवर विसंबू नये. बोलण्याची कसोटी त्यांना अधिक उपयोगी.

काटा एकच ठेवण्याचा खरा फायदा इथे कळतो. सायकल तीच, मीटर तोच, शून्य लावलेले, हवामान सारखे आणि तरीही गेल्या महिन्यात सहज झेपणारे ७५ वॅट आज झेपत नसतील, तर दोष शरीरात शोधावा. रक्त कमी झाले असेल, झोप झाली नसेल, ताप येऊ घातला असेल किंवा हृदयाची तक्रार असेल. काटे बदलत राहिलो तर ही सूचना आपल्याला कधीच मिळणार नाही.

एक गोष्ट ठासून सांगतो. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, चक्कर, अवेळी घाम, असे काही जाणवले तर "मीटरच चुकत असेल" म्हणून स्वतःची समजूत घालू नये. ताबडतोब थांबावे आणि दवाखाना गाठावा. मीटरची तपासणी नंतर करता येते.

ज्यांच्याकडे मीटर नाही त्यांनी खट्टू होऊ नये. तीच सायकल, चाकांत तेवढीच हवा, तोच रस्ता आणि तीच वेळ ठेवावी. किती मिनिटे लागली आणि शेवटी नाडी किती होती, हे लिहावे. महिन्याभराने तेवढ्याच वेळात नाडी कमी लागत असेल तर प्रकृती सुधारली. घरच्या रक्तदाबाच्या यंत्रालाही हाच नियम लागू आहे: यंत्र तेच, दंड तोच, बसण्याची रीत तीच.

सर आता पुन्हा सायकलवर बसतात. तज्ज्ञांच्या संमतीने ते मुलाने ठेवून दिलेल्या पेडलवरच ७५ वॅट पाळतात. व्यायामशाळेच्या त्या सायकलवर बसायची वेळ आलीच, तर पडद्याकडे पाठ फिरवल्यासारखे करून शेजाऱ्याशी गप्पा मारता येतील एवढ्याच जोराने चालवतात. त्यांच्या वहीतील पहिल्या पानावर "७५ वॅट" एवढेच लिहिलेले होते. त्यापुढे त्यांनी आता स्वतःच्या हाताने लिहिले आहे, "कोणत्या काट्यावर?"