पाणी गरम येतं, म्हणजे गिझर ठीक आहे?

लॉज, वसतिगृह, रुग्णालय किंवा भक्तनिवास म्हटलं की गच्चीवर नाहीतर जिन्याखाली ३००-५०० लिटरची गरम पाण्याची टाकी असतेच. सकाळी नळाला कढत पाणी आलं की तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. पण गरम पाण्यावरून कळतं ते एवढंच, की कॉइल चालू आहे. टाकी फुटू न देणारे आणि शॉक बसू न देणारे भाग वर्षानुवर्षं नुसते बसून असतात. ते निकामी झाले तरी पाणी तितकंच गरम येतं. देखभाल मुख्यतः याच भागांची करायची असते आणि नेमके त्यांच्याविषयीच गैरसमज जास्त आहेत.

गैरसमज: सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकतो, म्हणजे तो खराब आहे. प्लग मारून टाका.

वस्तुस्थिती: २५ अंश सेल्सिअसचं पाणी ६० अंशांपर्यंत तापलं की सुमारे दीड टक्क्याने फुगतं. ५०० लिटरच्या टाकीत हे जादा पाणी साधारण ७ लिटर भरतं आणि त्याला कुठेतरी वाट लागतेच. जुन्या जोडणीत ते व्हेंट पाइपात चढतं किंवा थंड पाण्याच्या लाइनीतून वरच्या टाकीकडे मागे सरकतं. मग शॉवरला जोर नाही म्हणून कधीतरी प्रेशर पंप बसतो, त्याच्याबरोबर एनआरव्ही, म्हणजे पाणी मागे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, येतो आणि व्हेंटमधून पाणी उडू लागलं की व्हेंटही बंद केला जातो. आता फुगलेल्या पाण्याला सेफ्टी व्हॉल्व्ह ही एकच वाट उरते. अशा जोडणीत पाणी तापताना थोडं ठिबकणं हे व्हॉल्व्ह काम करत असल्याचं लक्षण आहे आणि त्यावरचा उपाय म्हणजे एक्स्पान्शन टाकी. हीटर बंद असतानाही धार लागली असेल, तर मात्र व्हॉल्व्हमध्ये क्षार अडकलेले असू शकतात किंवा लाइनीचा दाब जास्त असतो.

प्लग मारलेल्या टाकीचा थर्मोस्टॅटही बिघडला आणि वीज तुटलीच नाही, तर काय होतं? दाबाखालचं पाणी १०० अंशांना उकळत नाही. बाहेरच्या हवेपेक्षा दाब ७ बारने जास्त असेल, तर सुमारे १७० अंशांपर्यंत ते पाणीच राहतं. टाकीचा जोड सुटताच दाब कोसळतो, त्यातल्या काही पाण्याची तत्क्षणी वाफ होते आणि वाफेला पाण्याच्या सुमारे १,६०० पट जागा लागते. भिंती पाडणारा स्फोट होतो तो असा.

म्हणून वर्षातून एकदा तरी जाणकाराकडून व्हॉल्व्हचा लीव्हर उचलून पाहावा. पाणी जोरात आलं पाहिजे आणि लीव्हर सोडल्यावर थांबलं पाहिजे. जुना व्हॉल्व्ह पुन्हा नीट बसत नाही, असं बऱ्याचदा होतं, त्यामुळे नवा हाताशी ठेवूनच तपासणी करावी. त्याच्या निचऱ्याच्या पाइपावर कॉक कधीही बसवू नये.

गैरसमज: कटआउट सारखा उडत असेल, तर डायरेक्ट करून घ्यावा.

वस्तुस्थिती: ठरलेल्या तापमानाला वीज तोडण्याचं काम थर्मोस्टॅटचं, ते झालं नाही तर कटआउट उडतो. थ्री फेजवरच्या मोठ्या हीटरमध्ये कॉन्टॅक्टरचे पॉइंट चिकटतात, मग थर्मोस्टॅट ठीक असूनही कॉइल तापतच राहते. कटआउट उडण्याचं कारण शोधायचं सोडून तो डायरेक्ट केला, की टाकीची सगळी भिस्त एकट्या सेफ्टी व्हॉल्व्हवर येते.

गैरसमज: तापमान ४५ अंशांवर ठेवलं की वीजही वाचते आणि कोणी भाजतही नाही.

वस्तुस्थिती: १९७६च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात एका हॉटेलात माजी सैनिकांचा मेळावा भरला होता. त्यानंतर न्यूमोनियासारख्या आजाराने त्यांच्यापैकी २९ जण दगावले. पुढच्या वर्षी त्यामागचा जिवाणू सापडला आणि ‘अमेरिकन लीजन’ या त्यांच्या संघटनेवरून त्याला लीजनेला हे नाव मिळालं. तिथे संशय वातानुकूलन यंत्रणेवर होता, पण हाच जिवाणू गरम पाण्याच्या टाक्यांमध्ये आणि पाइपांमध्येही वाढतो, हे नंतर स्पष्ट झालं. २५ ते ४५ अंशांचं पाणी त्याला विशेष मानवतं आणि शॉवरच्या तुषारांबरोबर तो फुप्फुसात जातो. म्हणूनच टाकीत ६० अंश आणि नळापर्यंत किमान ५० अंश ठेवण्याची शिफारस केली जाते.

आपल्याकडे सोलरच्या टाक्यांबाबत हे जास्त लक्षात ठेवायला हवं. पावसाळ्यात ऊन नसतं आणि बिल वाचवण्यासाठी बॅकअप कॉइलही बंद ठेवली, तर पाणी दिवसचे दिवस कोमट राहतं. सीझन संपल्यावर बंद राहिलेल्या खोल्यांच्या पाइपांत पाणी साचून राहतं. खोली पुन्हा देण्याआधी तिथला नळ, तुषार न उडवता, काही मिनिटं वाहू द्यावा.

भाजण्याची भीती खरीच आहे. ६० अंशांच्या पाण्याने प्रौढ माणसाची कातडी सुमारे ५ सेकंदांत गंभीर भाजते, लहान मुलांची आणि वृद्धांची त्याहून लवकर. त्यासाठी टाकी थंड ठेवायची नाही, तर शॉवरजवळ थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवायचा.

गैरसमज: क्षारांमुळे फक्त बिल वाढतं आणि स्टीलच्या टाकीला काही होत नाही.

वस्तुस्थिती: पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. बोअरचं पाणी अनेक ठिकाणी ती ओलांडतं. क्षारांच्या थराखाली उष्णता कोंडते आणि कॉइल जळते. तळाचा गाळ वेळोवेळी ड्रेन कॉकमधून सोडावा. ग्लासलाइन टाकीतला ॲनोड रॉड स्वतः झिजून टाकीचा गंज टाळतो. तो दरवर्षी काढून पाहावा आणि निम्म्याहून जास्त झिजला असेल तर बदलावा. स्टेनलेस स्टीललाही खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडमुळे जोडांपाशी बारीक छिद्रं पडतात. संडास धुण्याचं ॲसिड टाकीत ओतणं म्हणजे त्याला हातभारच.

गैरसमज: एमसीबी आहे, मग शॉक कसा बसेल?

वस्तुस्थिती: एमसीबी ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किटसाठी असतो. माणसाचा जीव घेणारा, मिलिअँपिअरमध्ये मोजला जाणारा गळता प्रवाह त्याला जाणवतही नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. त्याचं टेस्ट बटण अधूनमधून दाबावं, पण त्यावरून अर्थिंगची परीक्षा होत नाही. अर्थिंगचा रोध वेगळा मोजावा लागतो आणि तोही माती कोरडी असताना, म्हणजे उन्हाळ्यात.

गैरसमज: एवढा धोका असता, तर बॉयलर निरीक्षक तपासायला आला असता.

वस्तुस्थिती: १९२३च्या बॉयलर कायद्याच्या जागी २०२५ मध्ये नवा कायदा आला. १०० अंशांच्या आत पाणी तापवणारी उपकरणं त्यातही बॉयलर ठरत नाहीत. त्यामुळे या टाकीची तपासणी करायला बॉयलर निरीक्षक येत नाही. जबाबदारी मालकाची आणि रोजच्या रोज मॅनेजरची. हीटरशेजारी एक वही टांगून ठेवावी आणि तीत टाकीचं व शेवटच्या नळाचं तापमान, व्हॉल्व्ह, आरसीसीबी आणि ॲनोड यांच्या तपासणीच्या तारखा व सही लिहावी. वहीत सेफ्टी व्हॉल्व्हची तारीख वर्षापलीकडची दिसली, तर नळाला कितीही कढत पाणी येत असलं तरी तपासणी ठरवून टाकावी.